मागच्या खोलीतल्या अकरा बंदुका

हेमलॉक बे, मिशिगन
६ ऑगस्ट २०१९

रेइनो,

फोनवर तू माझं एकही वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून पत्र. पत्र मध्येच तोडता येत नाही. फार तर फाडता येतं, पण तू फाडशील ते वाचून झाल्यावर, एवढं मला तुझ्याबद्दल ठाऊक आहे.

पहिल्या बर्फाआधी मी दुकानातलं बंदुकांचं काउंटर बंद करते आहे. बंदुका नाहीत आणि काडतुसंही नाहीत. बाकी सगळं राहील. खिळे, रंग, पाव, बूट, गळ, बर्फाची फावडी, वाफेच्या न्हाणीतल्या शेगडीचे दगड. देशभर शाखा असलेल्या मोठमोठ्या साखळी दुकानांनी हेच केलं तेव्हा त्यांचे फोटो पहिल्या पानावर आले. माझा येणार नाही, त्यामुळे केस कापायलाही जात नाही.

बाबांच्या मृत्युपत्राप्रमाणे निम्मं दुकान तुझं आहे, म्हणून परवाना सरकारला परत करायच्या कागदावर तुझी सही लागते. कागद सोबत आहे. खूण केली आहे तिथे सही कर आणि पाठवून दे.

कारण विचारू नकोस. चौसष्ट वर्षांची झाले. एका गोष्टीचं तरी कारण न देता मरायची मुभा असावी.

आयली


मेसा, ॲरिझोना
१५ ऑगस्ट

श्रीमती आयली कोस्केला, मालकीणबाई (निम्म्या) यांस,

कागद मिळाला. खूण केलेली जागाही दिसली. तिच्यावर कॉफीचा कप ठेवला आहे. अगदी मापाचा बसतो.

ताई, तू तीस वर्षं शहरात पोरांना गणित शिकवलंस. बाबांच्या दफनाला आलीस आणि राहिलीस. नऊ वर्षं त्या काउंटरमागे उभी आहेस, म्हणजे पाहुणीच. बाबा एक्केचाळीस वर्षं उभे होते. मागे फळीवर काडतुसांची चळत, आणि समोरच्याचा चेहरा पसंत नसला की शांतपणे सांगायचे, ‘संपली रे, मंगळवारी ये.’ त्यांच्या खांद्यावरून चळत दिसत असायची. कोणी ‘ती काय मग?’ असं विचारायची हिंमत केली नाही. मंगळवारपर्यंत माणसाची उतरलेली असायची, नाहीतर बायको माहेरून परत आलेली असायची.

तू काउंटर बंद केलंस म्हणून गावात बंदुका यायच्या थांबणार नाहीत. त्या दारूच्या गुत्त्यामागे गाडीच्या डिकीतून विकल्या जातील, आणि डिकी कोणाचा चेहरा बघत नाही.

आणि दुकानापुढच्या तुळईचं काय? पंधरा नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होतो, आणि शाळा बंद ठेवून आख्खा गाव आपापलं हरण तिथे टांगायला येतो. यंदा काय टांगणार, फावडी?

मागच्या खोलीत लोकांच्या ठेवलेल्या बंदुका आहेत, त्यांचा विचार केलास? त्यात एक माझी आहे.

सही करत नाही. कारण दे.

रेइनो


हेमलॉक बे
२६ ऑगस्ट

रेइनो,

घे कारण.

एप्रिलच्या अखेरीस एक माणूस आला. तळ्याकाठच्या नव्या बंगल्यांपैकी एकात राहणारा, चाळिशीचा, सभ्य, बूट पुसून आत आलेला. रायफल पाहिजे म्हणाला. कुठली? म्हणाला, स्वस्तातली. तुला ठाऊक आहे, बंदूक घेणारा माणूस कधी गप्प नसतो. वजन विचारतो, खांद्याला लावून बघतो, आजोबांनी मारलेल्या अस्वलाची गोष्ट ऐकवतो. हा काहीच बोलला नाही. हरणांचा मोसम सात महिने लांब होता. मला त्याला विकावीशी वाटेना. पण फॉर्म भरलेला, ओळखपत्र खरं, आणि सरकारी यंत्राला विचारलं तर यंत्र म्हणालं, हरकत नाही. यंत्राची हरकत नाही म्हटल्यावर माझी हरकत मी कुठल्या रकान्यात लिहायची?

मी विकली. पिशवी हवी का, असंही विचारलं.

बावीस दिवसांनी दोन पोलीस आले. त्याने त्याच रायफलने बायकोला ठार मारलं होतं. त्यांनी माझे कागद मागितले, उलटेसुलटे पाहिले, आणि त्यातला जाडा म्हणाला, ‘बाई, इतकं चोख काम आम्हाला कुठे बघायला मिळत नाही.’ रेइनो, मला शाबासकी मिळाली. तीस वर्षं मी पोरांच्या वह्यांवर शाबासकी लिहिली, आणि माझ्या वाट्याला आली ती अशी.

बाबांना चेहरे कळायचे, कारण गावात तीनशे चेहरे होते आणि सगळ्यांची बारशी त्यांनी जेवलेली. मला आता काउंटरपलीकडचा निम्मा गाव ओळखीचा नाही. ‘संपली, मंगळवारी ये’ म्हटलं, तर तो फोनवर माझ्या दुकानाला एक तारा देऊन मोकळा होतो. मला चेहरा वाचता येत नाही, आणि जो वाचला तो मी यंत्राला विचारून खोडला. अशा माणसाने तिथे उभं राहू नये.

आता कप उचल आणि सही कर.

आयली


मेसा
७ सप्टेंबर

ताई,

बाबांनी त्याला विकली नसती. हे तुला लागावं म्हणूनच लिहितो आहे. लागलं असेल तर ठीक.

तुझं चुकलं, म्हणून तू आख्खं काउंटर मोडतेस. शिंप्याने एक सदरा बिघडवला म्हणून गावाने उघडं फिरायचं. मला शाबासकीची गोष्ट वाचून तुझी कीव आली नाही, राग आला. तू त्या जाड्याला तेव्हाच हाकलायला हवं होतंस.

पण जाऊ दे. मला भांडायचाही कंटाळा आला आहे. सही करतो, एका अटीवर. मागच्या खोलीतली माझी रायफल मला पाठव. बत्तीस वर्षं तिथे पडून आहे. तुला बंदुका नकोत, मला माझी हवी, दोघांचं काम होतं. कागद इथे सही करून ठेवला आहे. रायफल हातात आली की टपालात टाकतो.

सोबत बाबांचं घड्याळ पाठवतो आहे. माझ्याकडे नुसतं पडून असतं. इथलं सगळंच जरा आवरायला घेतलं आहे. डोलोरेसचा कुत्रा पाको शेजाऱ्यांना देऊन टाकला, त्यांना अंगण आहे. घर आता स्वच्छ दिसतं.

रेइनो


हेमलॉक बे
१९ सप्टेंबर

रेइनो,

अट मान्य. आनंदाने मान्य. पण आधी तुझे कान उपटते.

बायको जाऊन दीड वर्ष नाही झालं, आणि तू तिचा कुत्रा देऊन टाकलास? घर स्वच्छ दिसावं म्हणून? दफनाच्या दिवशी तो कुत्रा तुझ्या बुटावर डोकं ठेवून पडला होता, मी पाहिलं आहे. आणि बाबांचं घड्याळ परत पाठवून तू मला काय सुनवतो आहेस ते कळलं मला. बापाचं काउंटर मोडणारीकडे बापाचं घड्याळ, शाब्बास. टोमणा मारायला टपालखर्च करणारा माणूस आपल्या घराण्यात पहिला.

इकडची खबर. गावाने माझ्यावर बहिष्कार टाकला आहे. खिळासुद्धा घेत नाहीत. चाळीस मैल गाडी मारून मोठ्या साखळी दुकानात जातात. तिथे पोचल्यावर कळतं की त्यांनी बंदुका माझ्याआधीच बंद केल्या. मग आलोच आहोत तर म्हणून तिथून पाव घेऊन येतात. सगळ्यांची तत्त्वं शाबूत, पाव शिळा. तुळई गुत्तेवाल्याने मागितली, मी देऊन टाकली. सहा जण ओढत घेऊन गेले. त्यातल्या एकाने माझ्याच दुकानातून गेल्या वर्षी घेतलेले हातमोजे घातले होते.

मागच्या खोलीचंही करून टाकलं. घोंगड्यांत गुंडाळलेल्या अकरा बंदुका निघाल्या, प्रत्येकीला बाबांच्या हाताची पुठ्ठ्याची पट्टी दोऱ्याने बांधलेली. वर ‘मालक’ आणि खाली ‘आणली’. मालकांना पत्रं घातली, महिन्याच्या आत घेऊन जा, परवाना गेला की मला ठेवता येणार नाहीत. सहा जण येऊन घेऊन गेले. ऑस्कर लाहती तर एवढा खूश होता की त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. बहिष्कार असून पहिल्यांदा कोणी हसलं माझ्याशी.

तुझी मी न उलगडता, घोंगडीसकट खोक्यात बंद केली आहे. कायद्याने ती परवाना असलेल्या एका दुकानाकडून तशाच दुसऱ्या दुकानाकडेच जाते, तेव्हा तिकडे कोण उतरवून घेईल त्याचा पत्ता कळव. कळव लवकर, मला ती खोली एकदाची रिकामी करून झाडायची आहे.

आयली


मेसा
३० सप्टेंबर

ताई,

टोमणा नव्हता. असू दे.

घरापासून मैलावरच्या मोठ्या दुकानात गेलो. दहा वर्षांपूर्वी तिथे बंदुकांची भिंत होती. आता तिथे योगासनांच्या सतरंज्या आहेत. बाहेरून आलेली रायफल तुम्ही उतरवून घ्याल का, असं काउंटरवरच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, ‘आजोबा, आम्ही तो विभाग बंद केला. मनःशांतीसाठी काही दाखवू?’ दुसऱ्या दुकानाने फक्त गळ ठेवलेत. तिसऱ्याचा मालक म्हणाला की आता फक्त तंबू विकतो. तुमचं हे सोवळं आता वाळवंटातही पोचलं. एक माणूस स्वतःची बंदूक स्वतःच्या घरी आणू शकत नाही, आणि याला म्हणे स्वतंत्र देश.

शेवटी शहराबाहेर एक जण सापडला. पत्ता खाली लिहिला आहे. या भानगडीत आठवडा फुकट गेला. मला उशीर नको आहे. पत्र मिळाल्या दिवशी पाठव.

बाकी सगळं आवरून झालं आहे.

रेइनो


हेमलॉक बे
९ ऑक्टोबर

रेइनो,

तुझं पत्र शुक्रवारी सकाळी आलं. पार्सलवाला दुपारी तीनला येणार होता. खोकं मी दाराशी आणून ठेवलं, तुझा पत्ता लिहिला, चिकटपट्टी मारली. दोन वाजता साइमा लाहती आत आली, ऑस्करची बायको. हातात तीच घोंगडी, तीच बंदूक. तिने ती काउंटरवर आपटली आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की मी नकळत एक पाऊल मागे सरले.

‘तुला कोणी सांगितलं होतं ही त्याला द्यायला?’

मी म्हटलं, त्याची आहे, पट्टीवर मालक म्हणून त्याचं नाव आहे.

‘आणि खाली कोणाचं आहे? शिकलेली ना तू? वाच.’

खाली साइमाचं नाव होतं. मी मूर्खासारखी म्हणाले की ते फक्त कोणी आणून दिली त्याचं. तेव्हा तिने मला सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

गावात कोणाच्या घरात एखाद्याचं मन काळवंडलं, कोणी पिऊन बडबडायला लागला, की घरातली बाई बंदूक घोंगडीत गुंडाळून बाबांकडे आणायची. बाबा काही विचारायचे नाहीत. पट्टी बांधायचे. आणि परत देताना एकच नियम होता. मालक आणि आणणारा, दोघं मिळून काउंटरपुढे उभी राहिली तरच द्यायची. मालक एकटा आला तर बाबांना किल्ली सापडत नसे. ऑस्कर तीन वर्षं किल्ली विचारत होता. शेवटच्या वर्षी बाबा त्याच्यासमोर खिसे उलटे करून दाखवायचे, आणि किल्ली गळ्यात लटकत असायची. मग बाबा गेले, मी आले, आणि ऑस्करने पुन्हा कधी विचारलं नाही. मीच त्याला पत्र घातलं. छापील अक्षरात, तारखेसकट.

शेवटचे तीन दिवस तो ती घेऊन गोठ्यात बसून होता. चौथ्या दिवशी त्याला झोप लागली तेव्हा साइमाने ती उचलली आणि निघाली. साठ वर्षांची बाई, सहा मैल पायी, कारण गाडीच्या आवाजाने तो जागा झाला असता.

जाताना म्हणाली, ‘विकू नकोस, माझी हरकत नाही. ठेवून घ्यायचं कोणी थांबवायला सांगितलं?’

रेइनो, मला आयुष्यात इतका राग आला नव्हता. माझा स्वतःचा, आणि त्या मेलेल्या म्हाताऱ्याचा. एक्केचाळीस वर्षं एवढी मोठी गोष्ट करत राहिला आणि स्वतःच्या लेकीला एका शब्दाने सांगितली नाही. खिळ्यांचे नंबर शिकवले, हे नाही.

मग मी दाराशी गेले आणि चाकूने तुझं खोकं फाडलं. तुझी पट्टी मी वाचलीच नव्हती. कशाला वाचायची, भाऊ माझा, बंदूक त्याची. आईने आणून दिली असेल, असं वाटलं. बत्तीस वर्षांपूर्वीचा तो हिवाळा, खाण बंद झालेली, तू सव्वीस वर्षांचा. मी शहरात होते, मला कोणी काही कळवत नसे.

मालक: रेइनो. आणली: रेइनो. ११ फेब्रुवारी १९८७.

तू स्वतः आणून दिली होतीस.

खाली बाबांनी आणखी एक ओळ लिहिली आहे, बाकी दहांवर कुठेही नाही. ‘ओरडून मागितली तरी द्यायची नाही, असं हाच सांगून गेला.’

कुत्रा. घड्याळ. रायफल. ‘सगळं आवरून झालं आहे.’ तीस वर्षं गणित शिकवलं मी, रेइनो, आणि समोर मांडून ठेवलेल्या या चार गोष्टींची बेरीज मला आली नाही. उलट कुत्र्यावरून तुझे कान उपटले. पार्सलवाला तीनला आला, मी त्याला परत पाठवलं. त्या योगासनांच्या सतरंज्यांनी आणि तंबूवाल्याने आठवडा खाल्ला नसता तर ही रायफल आज तुझ्याकडे असती. ज्या दुकानांना तू शिव्या घातल्यास, त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नाही आपण काय अडवलं ते. मलाही नव्हतं.

आता कामाचं. मी काउंटर बंदच ठेवणार. एक गोळी विकणार नाही. पण परवाना परत करायचा नाही. तो कागद फाड. इन्स्पेक्टर येऊन विचारेल, बाई, विकत नाही तर परवाना कशाला? सांगेन, न देण्यासाठी. शनिवारी मी बंदुका घेऊन गेलेल्या उरलेल्या पाच जणांच्या घरी गेले. दोघींनी घोंगडीसकट परत दिल्या, रडत. दोघांनी तोंडावर दार लावलं. एकाने कॉफी पाजली, केक दिला, आणि बंदूक दिली नाही. त्याच्याकडे मी उद्या पुन्हा जाणार आहे. कॉफी चांगली होती.

आणि तुझी रायफल. रागावशील, रागाव. नियम मी केलेला नाही. तिच्या मालकाची मला या उन्हाळ्यात तीन पत्रं आली. ज्याने ती आणून दिली त्याचं एकही आलं नाही. दोघं मिळून काउंटरपुढे उभे राहिले की देईन. तोवर मला किल्ली सापडत नाही.

रोज संध्याकाळी सहाला फोन करणार आहे. उचल. ओरडायला उचल.

ताई


मेसा
२० ऑक्टोबर

ताई,

अकरा दिवस तू सहाला फोन करते आहेस. पहिले चार दिवस मी उचलला नाही, पाचव्या दिवशी उचलून तुला काय काय बोललो ते बाबांनी ऐकलं असतं तर माझं तोंड साबणाने धुतलं असतं. तू ऐकून घेतलंस, आणि मग गुत्त्यापुढची तुळई वाकडी बसवली आहे हे सांगत राहिलीस. मला अजून राग आहे. माझी वस्तू, माझं नाव, आणि तू कोण अडवणारी. बत्तीस वर्षांपूर्वीच्या एका पोराचा शब्द तू माझ्याविरुद्ध वापरलास.

त्या पोराला मी विसरून गेलो होतो. खोटं बोललो असेन तर देव बघून घेईल. तो गुडघाभर बर्फातून दुकानापर्यंत आला होता, एवढं आठवलं. बाबांनी पट्टीची गाठ दोनदा सोडून पुन्हा बांधली, तेही आठवलं. त्यांनी मला काही विचारलं नाही. पाव दिला, लोणी लावून.

पाकोला परत आणायला शेजाऱ्यांकडे गेलो. त्यांची पोरगी रडली, तर अर्धा दिवस त्यांच्याकडे, अर्धा माझ्याकडे असं ठरलं आहे. कुत्र्याचंही निम्मं निम्मं. आपल्या घराण्याला हेच जमतं. तीन आठवडे तो पूर्ण तिकडे राहील, कारण मी येतो आहे. विमानाचं तिकीट काढलं आहे, बारा नोव्हेंबर. तुझा कागद फाडला.

पंधराला गाव ती वाकडी तुळई बघायला जाईल, आपण दुकान उघडं ठेवू. ऑस्कर आला तर मी त्याच्याशी बोलतो. तुला त्यातलं कळत नाही, मला कळतं.

एक काम कर. बाबांचं घड्याळ टेबलावर काढून ठेव, मी आलो की घालीन. मागच्या खोलीची किल्ली मात्र गळ्यात घाल आणि मी तिथे असेपर्यंत काढू नकोस. मी मागेन. एखाद्या दिवशी गोड बोलून मागेन, एखाद्या दिवशी ओरडून.

खिसे उलटे करून दाखव.

रेइनो